गावभागातल्या घरासाठी वॉशिंग मशीन: एका निवडीची हकीकत

माझं माहेर सांगलीच्या गावभागातलं. खाली जुनं दगडी जोतं, वर एक मजला, त्यावर स्लॅब आणि टाक्या. कृष्णा चालत दहा मिनिटांवर. खालच्या न्हाणीघराबाहेर भिंतीवर माझ्या छातीच्या उंचीला एक मळकट आडवी रेघ आहे. ती ऑगस्ट २०१९ च्या पुराची. तेव्हा कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट. पुढच्या वर्षी रंगकाम काढलं, तेव्हा बाबांनी रंगाऱ्याला तेवढी रेघ तशीच ठेवायला सांगितली. घरातलं वॉशिंग मशीन या रेघेखालीच असतं, कारण धुण्याचं पाणी जायला मोरी तिथंच आहे.

नवं मशीन घ्यायचं ठरलं आणि कुठल्या कंपनीचं यावर घरात तीन आठवडे बोलणी चालली. मी मिरजेला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, म्हणून निवाडा माझ्याकडे आला. या तीन आठवड्यांत आम्ही काय पाहिलं, काय मोजलं आणि कशावरून ठरवलं ते सविस्तर लिहिते आहे. नदीकाठच्या आणि बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांना त्याचा उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं.

घर, माणसं आणि कपडे

घरात पाच माणसं. बाबा आणि दादा हळदीच्या अडतीत. वहिनी शाळेत शिक्षिका, सकाळी सात चाळीसला घराबाहेर पडते. आई ६७ वर्षांची, उंची चार फूट दहा इंच, उजव्या मनगटात कायम कळ. आणि दादाची सात वर्षांची मुलगी, तिचा शाळेचा पांढरा गणवेश.

हळदीचं सांगायला हवं, कारण पुढं सगळं त्याच्यावरच अडलं. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या घराला हळद त्याआधी कितीतरी वर्षं ओळखीची. फेब्रुवारीपासून सौदे रंगात आले की बाबा आणि दादा रोज पिवळे होऊन घरी येतात. बाह्या, कॉलर, बनियन, सगळ्याला बारीक धूळ. हरिपूरला जमिनीखाली पेवांत हळद साठवायचे, तेव्हा आजोबांचे कपडे याहून पिवळे असायचे असं आई सांगते. २००५ च्या पुरानं त्या पेवांचं कंबरडं मोडलं, पण कपड्यावरची हळद काही सुटली नाही.

जुनं मशीन सेमी ऑटोमॅटिक होतं, धुवायचा टब वेगळा आणि पिळायचा वेगळा. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत दादानं आणि शेजारच्या काकांनी ते उचलून वर नेलं. वजन पंचवीसेक किलो, दोघांना सहज जायचं. चौदा वर्षं चाललं, मग एका हिवाळ्यात धुण्याच्या बाजूचा गिअरबॉक्स गेला. कंपनीचं नाव घेत नाही. फोन केला की तक्रार क्रमांक मिळायचा, माणूस यायचा नाही. तीन आठवड्यांनी आला तो म्हणाला, या मॉडेलचा गिअरबॉक्स आता येत नाही. त्या तीन आठवड्यांत आईनं पाच माणसांचे कपडे हातानं धुतले. मला हे नंतर कळलं आणि फार लागलं.

चौघांची चार मतं

दादाला फ्रंट लोड, म्हणजे पुढून दार असलेलं हवं होतं, बॉश नाहीतर आयएफबी. त्याच्या मित्राकडे आहे, कपडे कोरडे होऊन बाहेर येतात, पाणी निम्मं लागतं. बाबांचं म्हणणं, गोदरेज घ्या. पुण्याला जाता-येता शिरवळला कारखाना दिसतो, आपल्या शेजारच्या जिल्ह्यातला माल. आई म्हणे, "आहे तसलंच आण गं. त्यात मला दिसतं तरी काय चाललंय ते." वहिनीनं कंपनीचं नावच घेतलं नाही. ती एवढंच म्हणाली, "वन्सं, मी निघताना बटण दाबीन आणि आईंना परत त्याच्याजवळ उभं राहावं लागणार नाही, असलं कुठलंही चालेल."

चौघंही आपापल्या जागी बरोबर होते, म्हणून मला पहिल्या दिवशी काही बोलता आलं नाही. मी टेप, वही आणि पेन्सिल घेऊन स्लॅबवर गेले.

पाणी आणि टाकी

घरात दोन प्रकारचं पाणी. महापालिकेचं सकाळी येतं, ते ५०० लिटरच्या टाकीत चढवून स्वयंपाकाला वापरतात. बाकी सगळं बोअरचं, मोठ्या टाकीत. मी काठिण्य, म्हणजे पाण्याचा जडपणा तपासायच्या पट्ट्या आणल्या होत्या. महापालिकेच्या पाण्यात पट्टीचा रंग मधल्या घरात थांबला. बोअरच्या पाण्यात तो शेवटच्या घराला जाऊन टेकला, म्हणजे खरा आकडा त्याहूनही वर असू शकतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण काठिण्य लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलेलं आहे. कृष्णाकाठच्या काळ्या, क्षारपड पट्ट्यात बोअरचं पाणी जड निघालं तर त्यात नवल नाही.

जड पाण्यानं दोन गोष्टी होतात आणि लोक त्या एकत्र करतात. एक, पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणच खाऊन टाकतं. फेस येत नाही, म्हणून आपण पावडर वाढवतो, ती कपड्यात राहते आणि टॉवेल पापडासारखे होतात. हे थंड पाण्यातही होतं. दुसरं, पाणी तापवलं की क्षार हीटरवर बसतात. हा पांढरा थर उष्णता अडवतो आणि हीटर लवकर जळतो. गार पाण्यात धुणाऱ्याला या दुसऱ्या गोष्टीची चिंता जवळपास नाही. म्हणजे बोअरच्या पाण्यावर हीटरवालं मशीन घेऊन रोज साठ अंशावर धुवायचं, तर दर दोन-तीन महिन्यांनी सायट्रिक ॲसिड टाकून रिकामी गरम फेरी चालवायची तयारी हवी. आमच्या घरात ते कोण करणार, हे मला माहीत होतं. आईच.

मग दाब. फ्रंट लोडच्या माहितीपुस्तकात पाण्याचा कमीत कमी दाब लिहिलेला असतो, काही ठिकाणी ०.३ बार (बार हे दाबाचं एकक). पाण्याचा दहा मीटर उंचीचा स्तंभ म्हणजे साधारण एक बार, अर्थात एका फुटाला ०.०३. आमच्या टाकीचा तळ विटांच्या ओट्यावर आहे. वरच्या मजल्यावर नळ काढला तर तळापासून नळापर्यंत साडेसात फूट भरतात. साडेसात गुणिले ०.०३ म्हणजे ०.२२ बार. कमी पडतो. खालच्या न्हाणीघरापाशी आणखी दहा फुटांची भर पडते, दाब ०.५ च्या वर जातो, तिथं असं मशीन चालेल.

वही मिटून मी जिन्यातच बसले. फ्रंट लोड वर ठेवलं तर पाणी पुरेशा जोरानं येत नाही, त्यासाठी प्रेशर पंप लावा किंवा टाकी उंच करा. खाली ठेवलं तर पाणी छान, पण पूर. आणि फ्रंट लोड पुरात उचलायचं म्हणजे काय, हे मी माझ्या घरी अनुभवलेलं आहे. माझ्याकडे मिरजेत फ्रंट लोडच आहे. वेगानं पिळताना मशीन हलू नये म्हणून त्यात काँक्रीटची वजनं बसवलेली असतात, एकूण भार साठ-सत्तर किलो. घर बदलताना तिघांनी ते सपाट जागेवरून ढकलत नेलं होतं. माहेरचा जिना लाकडी, अडीच फूट रुंद, मध्ये वळण घेणारा. नदी चाळीस फुटांवर गेली, लाइट गेली, आणि दादा घरात एकटा. मला ते चित्र डोळ्यांसमोर आणवेना.

दादाला मी आकडे दाखवले. त्यानं पंपाचा खर्च विचारला, मग जिन्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मग फ्रंट लोड नको." पण एक गोष्ट त्याच्या बाजूची होती आणि ती मी त्याला सांगितली. फ्रंट लोड एका फेरीला पन्नास-साठ लिटरांत भागवतं, वरून झाकण उघडणाऱ्या टॉप लोडला त्याच्या दुपटीच्या आसपास पाणी लागतं. सपाट जागा, चांगला दाब आणि पाण्याची टंचाई असेल, तर जत-आटपाडीकडच्या माझ्या विद्यार्थिनींच्या घरी मी आजही फ्रंट लोडच सुचवीन.

हळदीची चाचणी

दुकानात आम्हाला दोनदा सांगण्यात आलं की हळदीचे डाग असतील तर हीटर पाहिजेच. हे ऐकून बाबा परत डळमळले. म्हणून मी घरी करून पाहिलं. दादाच्या जुन्या पांढऱ्या बनियनचे तीन तुकडे कापले, तिघांवर हळदीची सारखीच ओली पेस्ट लावली, रात्रभर वाळू दिली.

पावडर लागताच तिन्ही तुकडे लालसर झाले. हे सांगलीच्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं; हळदीतलं कर्क्युमिन साबणाच्या अल्कधर्मी पाण्यात रंग बदलतं. पहिला तुकडा गार पाण्यात धुतला, दुसरा माझ्या मशीनमध्ये साठ अंशावर. साठ अंशाचा उघडच फिका निघाला, पण पिवळा होताच. तिसरा गार पाण्यात धुऊन ओला असतानाच गच्चीवर कडक उन्हात टाकला, संध्याकाळी पुन्हा ओला केला, दुसऱ्या दिवशी परत ऊन दिलं. दुसऱ्या संध्याकाळी मी तो आईच्या हातात दिला. तिनं उजेडाकडे धरला, उलटा केला, शिवण उसवून आत बघितलं. शिवणीच्या आत ऊन पोचलं नव्हतं तिथं बारीक पिवळी रेघ राहिली होती, बाकी तुकडा पांढरा. कर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही. हीटरच्या मॉडेलचे वरचे पैसे ज्या कामासाठी द्यायचे, ते काम आमच्या स्लॅबवरचं ऊन फुकट करत होतं.

आईनं आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला सुचली नव्हती. हळदीची कोरडी धूळ असलेला कपडा आधी बाहेर झटकायचा, मगच भिजवायचा. कोरडी हळद झटकून निघते, ओली झाली की रंग बनते. आता बाबा आणि दादा अंगणात सदरा झटकूनच आत येतात.

हीटरचा उपयोगच नाही असं मी म्हणत नाही. तान्हं बाळ आहे, आजारी माणसाची अंथरुणं आहेत, तेलकट कॉलर आहेत, तिथं गरम पाण्याला तोड नाही. पावसाळ्यातही ऊन नसतं. पण आमची हळद मुख्यतः उन्हाळ्याची.

राहिलं टॉप लोड की सेमी

आईचं सेमी ऑटोमॅटिक खरं तर प्रत्येक मोजमापात उतरत होतं. हलकं, बादलीनं भरता येतं, दाबाचा प्रश्न नाही, किंमत दहा ते पंधरा हजारांत. कुठलाही मिस्त्री उघडतो. खळबळलेलं पाणी फरशीला वापरता येतं. फक्त एक गोष्ट: धुतलेले ओले कपडे एका टबातून दुसऱ्यात घालायला माणूस लागतं आणि ते माणूस म्हणजे आई. ओली चादर उचलताना ती डावा हात उजव्या मनगटाखाली धरते, हे मी त्या आठवड्यात पहिल्यांदा नीट पाहिलं. वहिनी ते रोज पाहत होती. इथं मी वहिनीच्या बाजूनं ठाम उभी राहिले. आईला वाईट वाटलं, दोन दिवस ती बोलली नाही.

म्हणजे पूर्ण ऑटोमॅटिक टॉप लोड. वजन चाळीस किलोच्या आत, बिनहीटरचं असेल तर विजेचा भारही कमी. पाणी बोअरच्या मोठ्या टाकीतून न घेता महापालिकेच्या ५०० लिटरच्या टाकीतून घ्यायचं ठरवलं. दिवसाला एक फेरी, शंभरेक लिटर, स्वयंपाकाला पुरून उरतं.

आणि इथं, तिसऱ्या आठवड्यात, आम्ही कंपन्यांच्या नावांपाशी आलो.

कंपनी

आधी मिस्त्रीकडे गेले. पूर ओसरल्यावर अर्ध्या गावभागाची मशीनं ज्यांनी उघडली, ते हे काका. मी विचारलं, कुठलं घेऊ? ते म्हणाले, "ताई, पूर गेला की माझ्याकडं रांग लागती. मोटर एकादवेळ सुकवून चालती, बोर्ड भिजला की संपलं. कुठलं बी घ्या, पण त्याचा बोर्ड सांगली-मिरजेत मिळतोय का बघा." बोर्ड म्हणजे मशीन चालवणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट. मग त्यांनी आपल्या दुकानातलं फडताळ उघडून दाखवलं. कुठल्या कंपनीचे पाणी आत घेणारे इनलेट व्हॉल्व्ह, पाणी बाहेर सोडणारी ड्रेन मोटर आणि बोर्ड त्यांना दोन दिवसांत मिळतात, कुठल्याचे पुण्याहून मागवावे लागतात. मला आजवर कुठल्याही जाहिरातीनं एवढी माहिती दिलेली नाही.

कारखान्याच्या जवळिकीचा मुद्दाही तिथंच सुटला. गोदरेजचा कारखाना शिरवळला, एलजीचा रांजणगावला, आयएफबीची मशीनं गोव्यातून येतात. सगळीच आपल्या बाजूची. पण मिस्त्रीच्या फडताळात काय आहे ते कारखान्याच्या अंतरावरून ठरत नाही. व्हिडिओकॉन तर मराठवाड्यातलं घरचं नाव होतं. २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. बाबांना हे पटायला वेळ लागला, कारण त्यांचा जीव आपल्या मातीतल्या मालावर आहे आणि तो मला मोलाचा वाटतो.

वॉरंटी वाचताना चष्मा लावून वाचावी. 'दहा वर्षं' असं मोठ्या अक्षरांत असतं, ती बहुतेक वेळा नुसत्या मोटरची. संपूर्ण मशीनची बहुतेकांची दोन वर्षं, आयएफबीची चार. आणि मोटर सहसा आधी जातच नाही. आधी जातो बोर्ड, ड्रेन मोटर, व्हॉल्व्ह, म्हणजे दोन वर्षांनंतर आपल्या खिशातून जाणारं सगळं. दुकानात आम्ही प्रत्येक मॉडेलच्या बोर्डाची किंमत विचारली. दुकानदाराला सांगायला जड जात होतं, पण विचारत राहिलो आणि मिळाली.

शेवटची परीक्षा आईनं घेतली, तिला कुणी सांगितलंही नव्हतं. दुकानात ओळीनं टॉप लोड उभी होती. आईनं कमरेचा रुमाल काढला, एका नऊ किलोच्या मशीनमध्ये टाकला आणि तो बाहेर काढायला वाकली. बोटं तळाला पोचेनात. टाचा उचलल्या, काठ पोटात रुतला, तरी चार बोटं कमी. ती काही बोलली नाही, पुढच्या मशीनकडे गेली आणि तेच केलं. आम्ही सगळे आणि दुकानातला मुलगा तिच्यामागून. एलजीच्या, सॅमसंगच्या, व्हर्लपूलच्या ठेवलेल्या मॉडेलांत तिनं रुमाल टाकला आणि काढला. आमच्या मापाचं गोदरेज त्या दिवशी दुकानात नव्हतं. ज्यात तिला टाचा न उचलता तळ लागला, अशी दोन राहिली. त्या दोनांतलं एलजीचं सात किलोचं घेतलं, कारण मिस्त्रीच्या फडताळात त्याचे भाग होते आणि उंदीर आत शिरू नये म्हणून त्याला खालून जाळी होती. गावभागातल्या जुन्या घरात ती जाळी हवीच, वायरी कुरतडलेली मशीनं मिस्त्रीकडे मी स्वतः पाहिली.

दोन दिवस अबोला धरलेल्या आईनं गाडीत बसताना विचारलं, "झाकण काचेचं आहे ना?" होतं. आत काय चाललंय ते तिला दिसणार होतं.

बसवताना आणि नंतर

प्लगचा बोर्ड आम्ही भिंतीवरच्या रेघेच्या वर एक फूट चढवून घेतला, अर्थिंग तपासून घेतलं. पाण्याच्या नळीला हातानं फिरवून सुटणारा जोड लावला, म्हणजे घाईत पाना शोधायला नको. पावडर निम्मी केली. मऊ पाण्यात तेवढीच पुरते. टॉवेल पहिल्या आठवड्यातच मऊ लागायला लागले. भाचीनं तो गालाला लावून बघितला.

जूनच्या पहिल्या रविवारी मी दादाला म्हटलं, एकदा उचलून बघू. तो आणि शेजारच्या काकांचा मुलगा, दोघंच. वीज बंद केली, नळी सोडली, आतलं उरलेलं पाणी मोरीत काढलं. जिन्याच्या वळणावर मशीन आडवं घ्यावं लागलं, तिथं एकदा खाली टेकवलं, दादानं हात बदलला. वरच्या खोलीत भिंतीला लावून ठेवेपर्यंत अकरा मिनिटं झाली. मी घड्याळ लावून वहीत लिहिलं. दादा घाम पुसत होता. बाबा खालून विचारत होते, "गेलं का वर?"

खालून आईचा आवाज आला. "गेलं असेल तर आता आणा खाली. गणवेश भिजत घातलाय."